पाचवं लिंबू

पिकअप ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला तेव्हा गिरिधर उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याच्या मागे प्रीति उभी होती, कडेवर तीन वर्षांची कीर्ति आणि ओठांवर तयार ठेवलेलं "नाही" घेऊन.

ते "नाही" तिनं आठवडाभर घोळवलं होतं. गिरिधर कुंभकोणममधला दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात वाकून बघणाऱ्या ह्या माणसाला गेली दोन वर्षं एकच स्वप्न पडत होतं: थेट हिमालयातली स्पिती. बर्फ, दगडगोटे, गुडघाभर पाण्यातून जाणारी गाडी, मागच्या हौद्यात शिधा आणि छपरावर तंबू. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबला की तो त्याला डिफरेन्शियल लॉक म्हणजे काय ते समजावून सांगायचा, आणि पेशंटला "पुरे" म्हणता येत नसे. बाजारातले सगळे मध्यम आकाराचे पिकअप त्यानं चाळून दोन उरवले होते. त्यातला मोठा फार ऐटदार होता, पण तो कुंभकोणमच्या गल्लीत एकदा शिरला असता तर बाहेर काढायला देवळाचा रथ ओढणारी माणसं बोलवावी लागली असती. उरला तो हा, आज त्रिचीहून खास ट्रायलसाठी आलेला.

"तू हो म्हटलीस तर घेतो," त्यानं आदल्या दिवशी सांगितलं होतं. "नाही म्हटलीस तर पुन्हा स्पितीचं नाव काढणार नाही. गाडी बघ, बस, आणि घरी आलो की सांग."

प्रीतीची पंचाईत हीच होती. भांडणाऱ्या नवऱ्याला नाही म्हणणं सोपं असतं. हा भांडत नव्हता. पण स्पितीत दवाखाना कुठे आहे, फोन लागतो का, थंडीत कीर्तीचा खोकला वाढला तर काय, ह्यातलं काहीच त्या व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नव्हतं. शिवाय एक गोष्ट गिरिधर सोयीनं विसरला होता. वळणाच्या रस्त्यावर त्याच्या पोटात ढवळतं. कोडाईकनालच्या सहलीत घाट सुरू होण्याआधीच त्यानं ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली होती. "स्वतः चालवलं की होत नाही," असं त्याचं म्हणणं. त्यानं स्वतः घाट कधी चालवलेला नव्हता.

गाडी मात्र देखणी होती, हे प्रीतीला मनातल्या मनात मान्य करावं लागलं. उंच, हिरवट राखाडी, पुढून रुंद आणि शांत, देवळातल्या हत्तीसारखी. आणि ज्या पद्धतीनं ती गल्लीतून आत आली! दारादारातले रांगोळीचे कोलम दोन्ही चाकांच्या मधे घेत, एकाचीही रेघ न मोडता. चालवणारा गावातली रीतभात जाणणारा दिसतोय, असं प्रीतीच्या मनात येऊन गेलं. तिच्या मनात सगळंच येऊन जायचं, आणि त्यातलं बरंचसं राहायचं.

गाडीतून चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा सेल्समन उतरला. पांढऱ्या शर्टावर नावाची पट्टी: ई. सेतू.

"ई म्हणजे एळुमलै असेल," आतून येता येता सासूबाई म्हणाल्या. तामिळनाडूत बापाचं नाव मुलाच्या नावापुढे एका अक्षरात येतं, आणि ते अक्षर ओळखणं हा वेंकटलक्ष्मीबाईंचा आवडता उद्योग होता. त्यांच्या हातात ताट होतं. ताटात कुंकू, कापूर आणि पाच लिंबं.

"आई, ही आपली गाडी नाही," गिरिधर घाईघाईनं म्हणाला. "बघायला आणलीय नुसती."

"बघायला आणलेल्या मुलीला कुंकू लावत नाहीत काय?"

"लावतात, पण..."

"मग सरक."

त्यांनी गाडीच्या कपाळावर कुंकू लावलं, कापूर ओवाळला आणि चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली. मग पाचवं हातात धरून गाडीभोवती एक फेरी मारली.

"स्टेपनी कुठे आहे?"

"अम्मा, ती खाली टांगलेली असते," सेतू तमिळमध्ये अदबीनं म्हणाला. "ती जमिनीला लागत नाही. लिंबू कसं चिरडणार?"

"बिचारी," असं म्हणून सासूबाईंनी पाचवं लिंबू कमरेला खोचलं. मग सेतूकडे टक लावून बघत त्या मराठीत, भरपूर मोठ्यानं म्हणाल्या, "प्रीति गे, ह्याचं तोंड बघ. रव्याच्या उंड्यासारखं गोल. हा लबाड असणार."

मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावर मुलखात आलेल्या ह्या घरांना ही एक मोठी सोय आहे. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी. त्यामुळे बाहेर मराठी बोलणं म्हणजे चारचौघांत कपाट उघडून, आत बघून, पुन्हा कुलूप लावण्यासारखं. साडीच्या दुकानात मालकासमोर "घेऊ नको, रंग जाईल" असं खुशाल म्हणता येतं. डॉक्टरसमोर "ह्याला काही कळत नाही" म्हणता येतं. पुण्याची पाहुणी आली की लाडवाला उंडा म्हणणारं हे जुनाट मराठी ऐकून हसते, पण तिच्याजवळ असं कुलपाचं कपाट नसतं, हे ती विसरते.

सेतूच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच राहिलं. "अम्मा काय म्हणतात?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"लांबून आलात, कॉफी घ्या म्हणतात," प्रीति म्हणाली.

लिंबं फटाफट फुटली. त्या आवाजानं समोरचे तमिळ शेजारी व्यंकटरमण मामा गॅलरीत आले.

"घेतली? अभिनंदन!"

"नाही मामा, ट्रायल आहे!" गिरिधर ओरडला.

"लिंबू फुटलं, आता कसली ट्रायल? आणि मागे एवढी जागा रिकामी घेऊन निघालात?"

हे दुसरं वाक्य मामांनी उच्चारायला नको होतं. वेंकटलक्ष्मीबाईंना रिकामी जागा सहन होत नसे, मग ती डब्यात असो की गाडीत. इन्नंबूरला त्यांच्या चुलत बहिणीच्या यजमानांची साठीशांत होती आणि तिथं मोठा पितळी हंडा पोचवायचा होता. लग्नघरचं सांबार ज्यात शिजतं, तो. तिकडचे लोक महिनाभर त्यासाठी टेंपो शोधत होते.

"आई, ही एक्स्पिडिशनची गाडी आहे!" गिरिधर कळवळून म्हणाला.

"मग इन्नंबूरला एक्स्पिडिशन कर."

हंडा हौद्यात चढला. ओरखडे पडू नयेत म्हणून प्रीतीनं खाली जुने टॉवेल घातले आणि हंडा दोरीनं आवळून बांधला. टॉवेल आणि दोरी तिच्या पिशवीतूनच निघाले. ही पिशवी कीर्तीच्या जन्मापासून तिच्या खांद्याला होती. तीत ताप मोजायचं यंत्र आणि मीठसाखरेचं पाणी तर होतंच, पण छत्री, बॅटरी, कात्री, प्लास्टिकच्या पिशव्या आणि हा दोर, असंही सामान होतं. दोर कशाला, असं एकदा गिरिधरनं विचारलं होतं. "लागला तर?" असं तिनं सांगितलं होतं.

स्वामिमलैच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. गिरिधर चालवत होता, शेजारी सेतू. मागे खिडकीशी सासूबाई, मधे कीर्ति तिच्या छोट्या सीटमध्ये, आणि प्रीति. कीर्तीनं पहिल्यांदाच इतक्या उंचावरून जग पाहिलं. "बस लहान झाली!" ती ओरडली, आणि खरंच टाऊन बसच्या खिडक्या तिच्या डोळ्यांच्या रेषेत आल्या होत्या. इंजिनाचा आवाज दमदार, पण आत बोलणं ऐकू यावं इतका सभ्य. खड्डा आला की गाडी तो आधी स्वतः सोसायची आणि मग थोडासा आत पोचवायची. प्रीतीला तिचं हे वागणं आवडलं, आणि आवडलं म्हणून ती सावध झाली.

"आई, एसीचा वारा थेट कीर्तीच्या छातीवर येतोय," ती सासूबाईंना मराठीत म्हणाली.

पुढे बसलेल्या सेतूनं मागे न बघता हात लांब करून एसीची झडप वर वळवली.

योगायोग, असं प्रीतीला वाटलं.

"आणि ही मागची सीट फार सरळ आहे. पोर झोपली की मान पुढे पडणार."

"सार," सेतू तेवढ्यात गिरिधरला तमिळमध्ये म्हणाला, "मागची सीट थोडी कलती करून मिळते. लहान मुलं असणारे तसंच करून घेतात."

प्रीतीनं त्याच्या मानेकडे बघितलं. मग सासूबाईंकडे बघितलं, तर त्या सेतूच्या कानांकडे एकटक बघत होत्या, का ते देव जाणे. प्रीतीनं थोडा वेळ जाऊ दिला आणि ऊन वाढलंय म्हणावं तशा आवाजात म्हणाली,

"आई, ह्या माणसाच्या खांद्यावर पाल आहे."

सेतू सीटवरून हातभर उडाला. त्यानं दोन्ही खांदे झटकले, मान झटकली, कॉलर झटकली, आणि मग एकदम पुतळ्यासारखा स्थिर झाला.

"काय झालं?" गिरिधरनं विचारलं.

"काही नाही सार," तो उजवा कान चोळत म्हणाला. "बेल्ट टोचला."

"उजव्या खांद्यावर की डाव्या?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं. "उजव्यावर पाल पडली तर लाभ असतो."

"गेली, आई."

"कुठल्या बाजूनं गेली?"

प्रीतीला हसू आवरेना. खिडकीकडे तोंड करून ती बाहेरचं भात बघू लागली. म्हणजे ह्या माणसानं सकाळपासून सगळं ऐकलं होतं. उंड्यासारखं तोंड ऐकलं, लबाड ऐकलं. आणि आपण मराठी आहोत हे सांगायचा जो एकच क्षण असतो, पहिला, तो सासूबाईंनी त्याच्या हातून काढून घेतला होता. त्यानंतर बिचाऱ्यानं कुठल्या तोंडानं सांगावं? शिवाय गिरिधरनं गाडीत बसताना "हो म्हणशील ना?" असं मराठीत कुजबुजत विचारलं होतं आणि तिनं "काय म्हणायचं ते ठरलंय माझं" असं उत्तर दिलं होतं. तेही ह्यानं ऐकलं असणार. सौदा मोडला हे ठाऊक असूनही हा माणूस एसीची झडप वळवत होता.

इन्नंबूर दिसू लागलं आणि गिरिधरला कालव्याकाठचा कच्चा रस्ता दिसला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला नुकतंच लावलेलं भात, मधे गुळगुळीत काळा चिखल.

"इथून जाऊ या," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "खरी परीक्षा."

"सार, ह्या गाडीला रस्त्याचे टायर आहेत," सेतू म्हणाला. "चिखलाचे वेगळे असतात. दाते खोल."

"दातांचं मला सांगू नका," गिरिधर म्हणाला, आणि त्यानं बटण फिरवून चारही चाकं कमी वेगाच्या गिअरला जोडली. इथवर सगळं बरोबर होतं. मग त्यानं व्हिडिओत करतात तसा एक्सलरेटर दाबला.

गाडी धावली. मागचा भाग एकदा भाताकडे गेला, एकदा कालव्याकडे. हौद्यात हंडा घंटेसारखा वाजला. कीर्ति आनंदानं किंचाळली. प्रीतीनं तिच्या सीटवर आडवा हात धरला.

"कसं वाटतं?" गिरिधरनं विचारलं.

"सार, तुम्ही छान चालवता," सेतू उजवा कान धरून म्हणाला.

तेवढ्यात गाडी थांबली. चाकं थांबली नाहीत. ती जागच्या जागी फिरत राहिली आणि इन्नंबूरचा चिखल खिडक्यांवर, छपरावर, आणि गिरिधरनं बघायला काच खाली केली तेव्हा त्याच्या चष्म्यावरही येऊन बसला. त्यानं आणखी एक्सलरेटर दाबला. गाडी आणखी बसली.

"गाडी चिखल का खाते?" कीर्तीनं विचारलं.

"भूक लागली असेल तिला," सासूबाई म्हणाल्या. "चल, आपणही खाऊ." त्या दहीभाताचा डबा घेऊन, नातीला बांधावर उतरवून नारळीखाली जाऊन बसल्या, इकडे पाठ करून.

गिरिधर पॅंट गुडघ्यापर्यंत गुंडाळून ट्रॅक्टर शोधायला पलीकडे दिसणाऱ्या पंपघराकडे निघाला. रविवार होता. शिवारात माणूस नव्हतं, नुसता पंप चालू होता.

गाडीजवळ प्रीति आणि सेतू उरले.

"तुमच्या नावातला ई कशाचा?" प्रीतीनं मराठीत विचारलं.

सेतूनं कालव्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. मग खांदे पाडून, दारासुरम्च्या विणकर आळीतल्या अस्सल मराठीत म्हणाला, "एकोजीचा, वहिनी. माफ करा. आईंनी आल्या आल्या लबाड म्हटलं. मग मी तोंड उघडलं असतं तर त्यांना किती वाईट वाटलं असतं!"

"तुम्हाला नाही वाटलं?"

"उंड्याचं वाटलं थोडं. उपाशी होतो."

प्रीति हसली आणि लगेच गंभीर झाली. "एक खरं सांगा. तुम्हाला मुलं आहेत?"

"दोन मुली."

"त्या लहान असताना ह्या गाडीतून त्यांना स्पितीला नेलं असतं?"

सेतूनं गाडीकडे बघितलं. गाडी चिखलात रुतून दारापर्यंत माखली होती आणि तरीही, प्रीतीला नवल वाटलं, तिची ऐट गेली नव्हती. एखादी मोठ्या घरची बाई बाजारात पाय घसरून पडली आणि पडल्या पडल्या भाजीचा भाव विचारू लागली, तशी दिसत होती.

"गाडीतून नेलं असतं," तो म्हणाला. "हाडाची चांगली आहे ही. पण सार चालवणार असतील तर नसतं नेलं."

आठवडाभर जपलेल्या "नाही"ला पहिला तडा गेला तो इथं. कारण प्रीतीला भीती गाडीची कधी नव्हतीच. वाईट काय होईल ह्याचा विचार एकटीनंच करावा लागेल, ही भीती होती. आणि इथं एक माणूस सौदा बुडवून तोच विचार तिच्याबरोबर करत होता.

तिनं पिशवीतून छत्री काढली आणि चाकापाशी चिखलात खुपसली. छत्री वीतभर गेली आणि खट् करून अडली. दुसऱ्या चाकापाशीही तेच.

"खाली जमीन घट्ट आहे," ती म्हणाली. "वरचाच लोण्यासारखा थर आहे. मागचा भाग हलका म्हणून चाकं नुसती वरवर फिरतायत."

"बरोबर. रिकाम्या पिकअपचं असंच होतं. मागे वजन पाहिजे. आता इथं वजन कुठून आणणार?"

दोघांनी एकाच वेळी हंड्याकडे बघितलं.

पंपाचा पाइप बांधावरून ओढून आणायला गिरिधरच उपयोगी पडला. ट्रॅक्टर न मिळाल्यानं तो खांदे पाडून परतला होता. हंडा भरत आला तशी गाडीची पाठ हळूहळू खाली बसली, म्हैस डोहात बसते तशी समाधानानं. प्रीतीनं हंड्यावर झाकण ठेवून ओढणीनं घट्ट बांधलं. नारळीखाली पडलेल्या झावळ्या चाकांपुढे अंथरल्या. मग हात धुतले आणि ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली.

"तू?" गिरिधर म्हणाला.

लग्नाआधी प्रीति वडिलांची जुनी जीप चालवायची. वडील गुरांचे डॉक्टर. आडगावी गाय अडली की ही त्यांना घेऊन जायची, नदीच्या वाळूतून सुद्धा. कीर्ति झाल्यापासून तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. काही झालं तर, म्हणून.

"तुम्ही बाजूला उभे राहा," ती म्हणाली. "कीर्तीला त्या नारळीच्याही मागे न्या. अजून मागे. आई, तिचा हात धरा. दोन्ही हात."

मग कीर्तीला उकळत्या दुधाजवळून न्यावं तशी तिनं गाडी चालवली. एक्सलरेटरवर पाय आहे की नाही हे पायालाही कळू नये इतका हलका. चाकानं झावळी धरली. गाडी बोटभर सरकली, थांबली. प्रीति थांबली. घाई केली नाही. पुन्हा बोटभर. घाबरलेल्या माणसाला पुढचा प्रत्येक खड्डा आधीच दिसत असतो, आणि प्रीतीला शिवारातला एकूण एक दिसत होता. चिखलानं गाडीचा शेवटचा पाय चोखत सोडल्याचा आवाज आला आणि तो राखाडी हत्ती, पोटात ओतलेलं पाणी सांभाळत, थेंबही न सांडता बांधावर चढून उभा राहिला.

मग कीर्ति म्हणाली, "पुन्हा!"

गिरिधरच्या चष्म्यावर अजून चिखल होता. तो काढायचं भान त्याला नव्हतं. रूट कॅनाल सोडून कुठल्याही गोष्टीत आपल्यापेक्षा वरचढ माणूस भेटला की त्याला मनापासून आनंद व्हायचा. हाच त्याचा मोठा गुण.

"प्रीति," तो म्हणाला, "हे कुठल्याही व्हिडिओत नाही."

हंडा पाण्यासकट बहिणीच्या दारात पोचला. येताना गाडी प्रीतीनंच चालवली, कारण उतर असं तिला कोणी म्हटलं नाही. गिरिधर मागे बसला. इन्नंबूर ते कुंभकोणम रस्त्यावर घाट नाही, पण स्वामिमलैपाशी वळणं आहेत. तेवढ्यात त्याचा रंग गाडीच्या रंगाशी जुळला आणि प्रीतीनं आरशात बघून, मागे न वळता, पिशवीतली प्लास्टिकची थैली त्याच्याकडे दिली.

गल्लीत शिरताना तिनं दारादारातले कोलम दोन्ही चाकांच्या मधे घेतले.

गाडी थांबल्यावर गिरिधर थोडा वेळ ओट्यावर बसून राहिला. मग त्यानं विचारलं, "आलो घरी. सांगून टाक. काय ते."

प्रीतीनं चिखलानं माखलेल्या गाडीकडे बघितलं. ओठांवर ठेवलेलं "नाही" तिनं शोधलं. ते इन्नंबूरच्या बांधावर कुठेतरी पडलं असावं.

"हे टायर नकोत. चिखलाचे घालून द्यायचे. मागची सीट कलती. हौद्यात वजन बांधायला चारी कोपऱ्यांत कड्या. रंग हाही नको, चिखलात दिसत नाही. पांढरा. दोर मी माझा आणीन."

"म्हणजे... हो?"

"म्हणजे चालवणार मी."

गिरिधरनं विचार केला. दोन वर्षं त्यानं स्वप्नात स्पिती बघितली होती ती पुढच्या काचेतून. आता ती बाजूच्या खिडकीतून बघायची होती.

"चालेल," तो म्हणाला. आणि लगेच, "खरं सांगू? तू त्या चिखलातून गाडी काढलीस ना, तेव्हाच वाटलं, स्पिती झाली आपली."

सेतूनं हात जोडले. "येतो सार. येतो अम्मा," तो सासूबाईंना तमिळमध्ये म्हणाला.

"एकोजीच्या मुला," सासूबाई मराठीत म्हणाल्या, "कुठे निघालास? हात धू. पान वाढलंय."

सेतूचे जोडलेले हात तसेच राहिले. प्रीति वळून बघत राहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं, आई?"

"होय की. दारासुरम्चा एकोजी माझ्या लग्नाचे शालू घेऊन आमच्या ओसरीवर बसला होता. हेच तोंड. गोल." त्या केळीचं पान पुसत होत्या. "माणूस लाख चांगला, पण कधी खोटं बोलला की उजवा कान चोळायचा. आमच्या आईनं त्या कानावरून साड्या पारखल्या. म्हटलं, मुलाचंही बघू. म्हणून आधीच लबाड म्हणून ठेवलं. लबाड म्हटलं की चांगला माणूस दिवसभर खरं बोलतो."

"आणि?" गिरिधरनं विचारलं.

"टायरचं बोलला, सीटचं बोलला, गाडीचं काय काय बोलला, कानाला हात नाही. म्हणून म्हणते, गाडी चांगली आहे. सकाळपासून असक्या दिवसात दोनदाच कान धरला त्यानं. एकदा बेल्ट टोचला म्हणाला तेव्हा."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तुम्ही छान चालवता म्हणाला तेव्हा."

सेतू खाली बघून पायानं जमीन उकरू लागला. व्यंकटरमण मामा गॅलरीत हसत होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण गिरिधरचं तोंड दिसत होतं.

सासूबाईंनी पानावर दोन उंडे वाढले, सेतूच्या पानावर तिसराही. मग कमरेला हात घालून सकाळपासून खोचलेलं लिंबू काढलं आणि मुलाच्या हातावर ठेवलं.

"हे जपून ठेव."

"नव्या गाडीच्या स्टेपनीला?"

"तुला. मागे बसून हुंगायला," त्या म्हणाल्या. "स्पितीला घाट आहेत म्हणतात."